जिवाणूंना जे पचत नाही : सांडपाण्यातील हट्टी रसायने आणि प्रकाशाने होणारे शुद्धीकरण

खडकवासला साखळीतील धरणांतून पुण्याच्या घराघरांत आलेले पाणी वापरून झाले की मैलावाहिन्यांमधून नायडू, भैरोबा नाला, मुंढवा, खराडी अशा एखाद्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जाते. जे तिथवर पोहोचत नाही, ते नाल्यांमधून थेट मुळा-मुठेत उतरते. पुढे ही नदी भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात येते आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. वाटेत मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले काही पाणी उचलून कालव्याने शेतीलाही दिले जाते. त्यामुळे पुण्यात मोरीत किंवा शौचालयात जे जे ओतले जाते, त्यातले नेमके काय केंद्रात नष्ट होते आणि काय तसेच पुढे जाते, हा प्रश्न फक्त नदीच्या दर्शनी स्वच्छतेपुरता उरत नाही.

शुद्धीकरण केंद्रातील मुख्य काम जिवाणू करतात, हे अनेकांना ठाऊक असते, पण ते किती सरळ पद्धतीने चालते याची कल्पना नसते. टाकीत ब्लोअरने सतत हवा सोडली जाते, त्या हवेतील ऑक्सिजनवर वाढणारे जिवाणू पाण्यातील विष्ठा, अन्नकण, साबण, तेल असे सेंद्रिय पदार्थ खातात आणि स्वतःची संख्या वाढवतात. हे तपकिरी, गढूळ मिश्रण ऑपरेटर एक लिटरच्या काचेच्या उभ्या नळकांड्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवतो आणि गाळ कोणत्या खुणेपर्यंत बसला ते पाहतो. गाळ नीट बसला, वरचे पाणी नितळ दिसले आणि वासही मातीसारखा आला, तर टाकीची तब्येत ठीक आहे असे समजायचे. आज ज्या गृहसंकुलांमध्ये स्वतःचा एसटीपी, म्हणजे छोटे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, आहे, तिथेही रोज सकाळी हीच चाचणी होते, निदान व्हावी अशी अपेक्षा असते. शहरासाठी जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जसाहाय्यातून ११ केंद्रांचा, एकूण ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमतेचा जो प्रकल्प आखला गेला, त्याचाही गाभा जैविक प्रक्रिया हाच आहे. इतक्या स्वस्तात एवढे काम करणारी दुसरी यंत्रणा माणसाला अजून सापडलेली नाही.

या कामाचे यश मोजतात ते बीओडीने, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्यावरून. भारतात ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांत लिटरला २० मिलिग्रॅम आणि इतरत्र ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ती १० वर आणण्याचा आदेश दिला. या मोजमापाची मर्यादा त्याच्या व्याख्येतच आहे. जिवाणू जे खाऊ शकतात तेवढेच बीओडीत दिसते, आणि जे त्यांना पचतच नाही ते या चाचणीच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते.

म्हणून दुसरी चाचणी करावी लागते, ती सीओडीची. तीत पाण्याचा नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांच्यासोबत सुमारे दीडशे अंशांवर दोन तास तापवतात. नारिंगी रंगाचे डायक्रोमेट सेंद्रिय पदार्थांचे ज्वलन केल्यासारखे ऑक्सिडीकरण करते आणि ते करताना स्वतः हिरवे पडते. नळीतला नारिंगी रंग हिरव्याकडे जितका झुकतो, तितका नमुन्यात सेंद्रिय माल जास्त. एखाद्या पाण्याचा बीओडी अगदी कमी आणि सीओडी मात्र बराच जास्त आला, तर त्या पाण्यात जिवाणूंनी ताटात टाकून दिलेले काहीतरी शिल्लक आहे असे निदान करता येते. रंग, औषधे, कीटकनाशके आणि द्रावके वापरणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात हे चित्र नेहमीचे आहे. घरगुती मैलापाण्यात मात्र अशा पदार्थांचे प्रमाण लिटरला मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या घरात असते आणि तेथे सीओडीही काही सांगत नाही. त्यासाठी द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापक अशी महागडी उपकरणे लागतात.

असे कोणते पदार्थ? पॅरासिटामॉल जिवाणूंना सहज पचते, म्हणून घरोघरी वापरले जाऊनही ते फारसे उरत नाही. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध अर्धवटच जाते. फिट्सच्या आजारावर दिले जाणारे कार्बामॅझेपिन तर केंद्रात शिरते तसेच जवळजवळ पूर्ण बाहेर पडते, इतके की अनेक देशांत नदीत मैलापाणी मिसळले आहे की नाही हे ओळखण्याची खूण म्हणून ते वापरले जाते. कापड रंगवण्याच्या ॲझो रंगांची गोष्टही अशीच, कारण धुण्याने, उन्हाने आणि घामाने ते टिकावेत अशीच त्यांची रचना केलेली असते, आणि तोच टिकाऊपणा ते गटारात गेल्यावर आपल्या मुळावर येतो. अल्प मात्रेतील औषधांचा माणसावर काय परिणाम होतो हा गुंतागुंतीचा विषय आहे, पण अल्प मात्रा म्हणजे निरुपद्रवी असे गृहीत धरता येत नाही. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली, हा इतिहास फार जुना नाही.

हे उरलेले काढायचे कसे, याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एक, ते पाण्यातून उचलून दुसरीकडे ठेवायचे. दोन, ते तोडून टाकायचे. पहिल्या मार्गाचे सर्वांत परिचित साधन म्हणजे सक्रिय कोळसा, जो आपल्याकडे बहुधा नारळाच्या करवंटीपासून बनतो आणि गृहसंकुलांच्या एसटीपीत वाळूच्या फिल्टरनंतर ‘कार्बन फिल्टर’ म्हणून उभा असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना सेंद्रिय रेणू चिकटतात. साधन उत्तम आहे, मात्र छिद्रे भरली की कोळसा बदलावा लागतो किंवा आठशे-नऊशे अंशांवर भाजून पुन्हा वापरण्याजोगा करावा लागतो. प्रदूषक नष्ट झालेला नसतो, त्याने फक्त मुक्काम हलवलेला असतो. वर्षानुवर्षे न बदललेला कार्बन फिल्टर दाखवून ‘आमच्याकडे तृतीय स्तराची प्रक्रिया आहे’ असे सांगणाऱ्या सोसायट्या पुण्यात कमी नसाव्यात.

तोडण्याच्या मार्गावर एकच पात्र वारंवार भेटते, ते म्हणजे हायड्रॉक्सिल मूलक. पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन अणू काढून घेतला की जे उरते ते हे मूलक. त्याचा एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो आणि तो जोडीदार मिळवण्यासाठी समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. ऑक्सिडीकरणाच्या क्षमतेत ते २.८ व्होल्टवर आहे. ओझोन २.०७, हायड्रोजन पेरॉक्साइड १.७८ आणि क्लोरीन १.३६ वर आहेत. हे मूलक इतके चंचल असते की बाटलीत भरून आणता येत नाही, जिथे वापरायचे तिथेच, त्याच क्षणी तयार करावे लागते. प्रगत ऑक्सिडीकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धती म्हणजे हे मूलक तयार करण्याच्या निरनिराळ्या युक्त्या आहेत, आणि प्रकाश ही त्यांपैकी एक युक्ती आहे.

सर्वांत जुनी युक्ती प्रकाशाशिवायची आहे. १८९४ मध्ये हेन्री फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र केल्यास टार्टारिक आम्लाचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते असे दाखवले. लोहाचा द्विसंयुजी आयन पेरॉक्साइडला फोडतो, मूलक बाहेर पडते आणि लोह त्रिसंयुजी होते. रसायने स्वस्त आहेत, यंत्रे साधी आहेत, म्हणून रंग आणि औषध उद्योगांच्या सांडपाण्यावर फेंटन प्रक्रिया आजही चालते. अडचण अशी की ती सामू (पीएच) ३ च्या आसपास, म्हणजे चांगल्या आंबट पाण्यातच नीट चालते. त्यामुळे आधी आम्ल घाला, नंतर चुना किंवा कॉस्टिक घालून पाणी पुन्हा पूर्वपदावर आणा, आणि या उलथापालथीत तयार झालेल्या तांबूस लोहमिश्रित गाळाची विल्हेवाट लावा, असा व्याप मागे लागतो. इथे प्रकाश उपयोगी पडतो. त्रिसंयुजी झालेल्या लोहावर प्रकाश पडला की ते पुन्हा द्विसंयुजी होते, त्यामुळे तेच लोह पुन्हा पुन्हा वापरले जाते आणि गाळ कमी होतो. या प्रकाश-फेंटन पद्धतीला केवळ अतिनील किरणच लागतात असे नाही, दृश्य प्रकाशाचा निळा-हिरवा भागही चालतो. म्हणूनच स्पेनमधील अल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रात तिच्यावर उघड्या उन्हात दीर्घकाळ काम झाले आहे.

दुसरी युक्ती अतिनील दिवा आणि पेरॉक्साइड यांची. पाऱ्याच्या दिव्यातून येणारे २५४ नॅनोमीटरचे किरण पेरॉक्साइडचा रेणू मधोमध तोडतात आणि एका रेणूची दोन मूलके होतात. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून सांडपाण्याचे पाणी सूक्ष्मगाळणी आणि आरओनंतर या टप्प्यातून नेऊन भूजलात सोडले जाते आणि पुढे पिण्यासाठी वापरले जाते. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जंतू मारण्यासाठी बसवलेला यूव्ही, म्हणजे अतिनील, दिवा औषधांचे रेणू फारसे तोडत नाही. जंतूंच्या डीएनएला इजा करायला थोडा प्रकाश पुरतो, तर प्रगत ऑक्सिडीकरणाला त्याच्या कित्येक पट मात्रा आणि सोबत पेरॉक्साइड लागते. पाणी शुद्धीकरणाच्या कोटेशनमध्ये ‘यूव्ही’ हा शब्द दिसला तर तो कोणत्या कामासाठी आहे हे विचारून घ्यावे.

तिसरी युक्ती शोधनिबंधांत सर्वाधिक गाजलेली. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले, आणि काही वर्षांतच हाच पदार्थ पाण्यातील सेंद्रिय प्रदूषक तोडतो हेही लक्षात आले. हा पदार्थ म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये असणारी पांढरी भुकटीच. तिच्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात उडी मारतो आणि खाली एक रिकामी जागा, म्हणजे धन विवर, तयार होते. विवर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवते, तर इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, बाहेरून रसायन घालावे लागत नाही, ऊन फुकट आहे. कागदावर याहून सुंदर पद्धत सुचणे कठीण.

प्रत्यक्षात तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली, इलेक्ट्रॉन आणि विवर बहुतेक वेळा बाहेर काही काम करण्याआधीच एकमेकांना भेटून विरून जातात आणि प्रकाशाची ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. दुसरी, टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज या रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि सूर्यप्रकाशात असा भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. एप्रिलमधल्या पुण्याच्या रणरणत्या उन्हातला उरलेला सगळा झगमगाट या भुकटीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. म्हणून नायट्रोजन मिसळलेले टायटॅनियम डायऑक्साइड, बिस्मथ व्हॅनाडेट, कार्बन नायट्राइड असे दृश्य प्रकाश शोषणारे पदार्थ शोधण्याची गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर चढाओढ लागली आहे. तिसरी अडचण अगदी व्यावहारिक आहे. पाण्यात विखुरलेली नॅनोकणांची भुकटी परत गाळून काढावी लागते, नाहीतर आपणच नदीत एक नवे प्रदूषक सोडतो. ती काचेवर किंवा मण्यांवर चिकटवली तर गाळण्याचा प्रश्न मिटतो, पण पाण्याशी तिचा संपर्क घटतो आणि वेग मंदावतो.

या सगळ्यापेक्षा मोठा अडथळा मूलकाच्या स्वभावात आहे. ते निवडक नाही. पाण्यात लिटरला एक मायक्रोग्रॅम कार्बामॅझेपिन असेल, तर त्याच लिटरमध्ये जिवाणूंनी मागे सोडलेले सेंद्रिय अवशेष मिलिग्रॅमने आणि बायकार्बोनेट शेकडो मिलिग्रॅमने असू शकते, आणि मूलक या सगळ्यांवर खर्च होते. आवतण एकाला द्यावे आणि पंगतीला सगळा गाव बसावा, तसा हा प्रकार. म्हणूनच ऊर्ध्वपातित पाण्यात अर्ध्या तासात नाहीसे होणारे औषध एसटीपीच्या पाण्यात कितीतरी अधिक वेळ तग धरते. शिवाय पाणी गढूळ असेल तर प्रकाश मुळात आत शिरतच नाही. उन्हाचे सामर्थ्य खोटे नाही, डायक्लोफिनॅक तर कोणत्याही उत्प्रेरकाशिवाय स्वच्छ तलावाच्या वरच्या थरात उन्हाने तुटते, हे स्वित्झर्लंडमधील ग्राइफेनझे या तलावावर नव्वदच्या दशकातच दाखवले गेले होते. मुळा-मुठेच्या पात्रावर जलपर्णीची हिरवी चादर पसरलेली असते तेव्हा तेवढीही संधी उन्हाला मिळत नाही.

माझ्या मते, प्रकाशाने होणाऱ्या शुद्धीकरणाविषयी बोलताना हाच मुद्दा सर्वांत आधी सांगायला हवा आणि नेमका तोच बहुतेक उत्साही बातम्यांत गळतो. प्रकाश हा जिवाणूंना पर्याय नाही, तो त्यांच्यानंतर यायचा आहे. जे काम जिवाणू नाममात्र खर्चात करतात त्यावर मूलके उधळणे म्हणजे निव्वळ वीज जाळणे होय. मूलकांसाठी राखून ठेवायचे ते जिवाणूंनी नाकारलेले. याला एक अपवाद आहे. काही औद्योगिक सांडपाणी इतके विषारी असते की त्यात जिवाणूच तगत नाहीत. तिथे आधी थोडेसे फेंटन किंवा ओझोन वापरून मोठे रेणू अर्धवट तोडायचे आणि मग ते तुकडे जिवाणूंपुढे ठेवायचे, असा उलटा क्रम शहाणपणाचा ठरतो.

अर्धवट तुटण्याची ही गोष्ट दुधारी आहे. प्रयोगशाळांत उत्प्रेरकाची परीक्षा बहुधा मेथिलीन ब्लू या निळ्या रंगावर घेतली जाते. पांढरी भुकटी टाकलेले निळे पाणी दिव्याखाली ठेवायचे, तासाभरात ते फिके पडते आणि छायाचित्र छान येते. पण रंग जाणे म्हणजे रेणूचा जो भाग प्रकाश शोषतो तेवढा मोडणे, बाकीचा सांगाडा पाण्यातच असू शकतो. त्यातून हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे ‘दृश्य प्रकाशात चालणारा उत्प्रेरक’ म्हणून जे श्रेय मिळते त्यातला किती वाटा रंगाचाच आहे हे कळत नाही. खरी कसोटी म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, अर्थात रेणूचे शेवटपर्यंत कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्षार यांत रूपांतर झाले का. मधल्या टप्प्यावर तयार होणारे तुकडे कधीकधी मूळ पदार्थापेक्षाही घातक असतात. ओझोनचेही तेच. पाण्यात ब्रोमाइड असेल तर त्यापासून ब्रोमेट तयार होते आणि पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम आहे. मोजमापातही एक खाचखळगा आहे. प्रक्रियेनंतर पाण्यात थोडे पेरॉक्साइड शिल्लक राहिले तर ते डायक्रोमेटशी क्रिया करून सीओडी फुगवते, आणि शुद्ध झालेले पाणी अहवालात अधिक अशुद्ध दिसते. आणखी एक गोष्ट, कार्बन आणि फ्लोरिनचे बंध असलेली पीएफएएस गटातील रसायने मूलकालाही फारशी दाद देत नाहीत, तिथे कोळसा किंवा आरओकडेच वळावे लागते.

खर्चाचा हिशेब पाहू. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात निरनिराळ्या पद्धतींना प्रदूषक ९० टक्क्यांनी घटवण्यासाठी घनमीटरमागे किती वीज लागते याची तुलना केली गेली. ओझोन आणि यूव्ही-पेरॉक्साइड यांचा मध्य एक युनिटच्या आत आला, प्रकाश-फेंटन एक ते शंभर युनिटांच्या दरम्यान, आणि दिव्यावर चालणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रकाश-उत्प्रेरण शंभर युनिटांच्या वर. साधे जैविक केंद्र एका घनमीटरला साधारण अर्धे युनिट घेते. युनिटचा दर आठ रुपये धरला, तर शंभर युनिटांच्या हिशेबाने दहा हजार लिटरच्या एका टँकरवर आठ हजार रुपये नुसत्या विजेचे होतात. दिवा टाळून ऊन वापरायचे म्हटले तर जागा लागते. दहा सेंटिमीटर खोलीच्या उथळ टाक्या, प्रत्येक खेपेला चार तास, दिवसाला दोन खेपा असे धरले, तर एका एमएलडीला, म्हणजे हजार घनमीटरला, अर्धा हेक्टर लागेल. शंभर एमएलडीच्या केंद्राला पन्नास हेक्टर, म्हणजे जवळजवळ सव्वाशे एकर. नदीकाठी एवढी मोकळी जमीन पुण्यात कुठे उरली आहे? त्यातून जून ते सप्टेंबर आभाळ, आणि मैलापाणी रात्रीही थांबत नाही.

म्हणून शहराच्या पातळीवर ज्या देशांनी ही पायरी चढली, त्यांनी प्रकाशाऐवजी ओझोन आणि सक्रिय कोळसा निवडला. स्वित्झर्लंडने २०१६ पासून आपल्या सुमारे सातशेपैकी शंभरेक केंद्रांत टप्प्याटप्प्याने ही सोय करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या निर्देशाने दीड लाख लोकसंख्येइतका भार असलेल्या मोठ्या केंद्रांना २०४५ पर्यंतची मुदत दिली आहे. आपल्याकडे औषधनिर्मिती कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर २०२० च्या मसुद्यात मर्यादा सुचवल्या होत्या, पण २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या वगळल्या गेल्या. मैलापाणी केंद्रांसाठी तर औषधांच्या अंशांची कोणतीही मर्यादा नाही, आणि मर्यादा नसली की मोजणीही होत नाही.

पुण्यापुरते बोलायचे तर शहराच्या संपूर्ण मैलापाण्याला प्रकाश दाखवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण अजून सगळे मैलापाणी साध्या जैविक केंद्रापर्यंतही पोहोचत नाही. या पद्धतींची जागा उगमाशी आहे, जिथे पाणी थोडे आणि प्रदूषक दाट असते : कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीतील एखादा कारखाना, रंगकाम करणारे युनिट, मोठ्या रुग्णालयाची सांडपाण्याची स्वतंत्र वाहिनी. कारखान्याच्या दिवसाच्या वीस घनमीटर पाण्यासाठी वरच्याच हिशेबाने शंभर चौरस मीटर उथळ टाकी पुरते, आणि ती शेडच्या गच्चीवरही बसते. असा संच विकायला येणाऱ्याकडे निळ्या पाण्याचे प्रात्यक्षिक मागू नये. आपल्याच कारखान्याचे, जैविक टाकीतून बाहेर पडलेले पाणी त्याला द्यावे आणि प्रक्रियेआधीचा व नंतरचा एकूण सेंद्रिय कार्बन, उरलेले पेरॉक्साइड आणि घनमीटरमागे लागलेली युनिटे लेखी मागावीत.